खासगी कोणाचे? वाड्याच्या माजघरापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

१/ ४ मार्च १८८७. मुंबई उच्च न्यायालयाने २२ वर्षांच्या एका तरुणीला आदेश दिला: महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोग. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

या प्रसंगाच्या आधाराने आज 'खासगी आयुष्य' या कल्पनेचा इतिहास पाहू. #थ्रेड #इतिहास

२/ ती तरुणी म्हणजे रखमाबाई. तिची गोष्ट आपण सहसा बालविवाहाच्या संदर्भात वाचतो. पण त्या खटल्यात आणखी एक प्रश्न होता. उंबऱ्याच्या आत जे घडते ते कोणाचे खासगी? घराण्याचे, नवऱ्याचे, जातीचे, की त्या माणसाचे स्वतःचे? महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार काळ लागला.

३/ आधी शब्द पाहू. 'खासगी' हा शब्द मुळात अरबी 'खास'वरून, फारसीच्या वाटेने मराठीत आला. 'खास'च्या विरुद्ध 'आम'. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-आम आहे आणि दिवाण-ए-खासही आहे. इथे खास म्हणजे लपवलेले नव्हे. खास म्हणजे बादशहाचे आपले, निवडक लोकांपुरते.

४/ मराठेशाहीतही हाच अर्थ चालत आला. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली. राज्याचा महसूल ती 'दौलत', राणीच्या हातातले उत्पन्न ती 'खासगी'. अहिल्याबाईंनी देशभर जे घाट आणि देवळे बांधली, त्यांना मोठा आधार होता तो याच खासगीचा.

५/ म्हणजे त्या काळी खासगी हा हक्क नव्हता, तो मान होता. खासगी असायला आधी काहीतरी मालकीचे असावे लागे. शेतकऱ्याची, बलुतेदाराची 'खासगी' असा शब्दप्रयोग कोणी केला असता तर ऐकणारा हसला असता. मग सामान्य माणसाच्या घरात काय होते?

६/ पुण्याचा किंवा वाईचा एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडीदरवाजा, चौक, ओसरी, सदर, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. बाहेरून आत जावे तसतसे घर अधिक 'आतले' होत जाते. आलेला माणूस ओसरीवर थांबणार की माजघरात येणार, हे त्याची जात, नाते आणि लिंग यांवर ठरे.

७/ पण या 'आत'मध्ये एकट्या माणसासाठी जागा क्वचितच असे. बाळंतिणीला खोली होती, देवाला होती, धान्यालाही होती. नव्या जोडप्याने दिवसाढवळ्या वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलणे अशिष्ट मानले जाई. नवऱ्याचे नाव थेट उच्चारायचे नाही, उखाण्यात गुंफून घ्यायचे, तेही चारचौघांत.

८/ यावरून 'त्या काळी खासगीपणा नव्हताच' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आडोसे पुष्कळ होते: सोवळे, पंगत, पाणवठा, माजघराचा उंबरा. मात्र हे आडोसे व्यक्तीभोवती नव्हते. ते जातीभोवती, कुळाभोवती आणि कुळातल्या स्त्रियांभोवती होते. ज्यांना अस्पृश्य ठरवले होते, त्यांना तर दुसऱ्याच्या उंबऱ्यापर्यंतही येऊ दिले जात नव्हते.

९/ आणि भिंतींच्या आत काय चालते यावर सर्वांची नजर असे. पेशवाईतील पुण्यात कोतवाल चोऱ्या-मारामाऱ्यांबरोबर व्यभिचाराच्या तक्रारींतही लक्ष घाली, दंड वसूल करी. कोण कोणाच्या हातचे जेवला, कोणी कोणाशी सोयरीक केली, यावरून ग्रामण्ये उभी राहत. शय्या आणि ताट, दोन्ही सार्वजनिक मामले होते.

१०/ जातीने वाळीत टाकणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. भटजी कार्याला येणार नाही, न्हावी येणार नाही, मुलीचे लग्न जमणार नाही, मयताला खांदा मिळणार नाही. कोतवालाचा दंड एकदाच भरावा लागे. वाळीत पडण्याचा दंड रोज भरावा लागे.

११/ ही नजर इंग्रजी अमदानीतही विझली नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. तिथे पाहुण्यांपुढे चहा आला. हजर असलेल्यांत महादेव गोविंद रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी फक्त पेला हातात धरला.

१२/ आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी ही हकीकत नावांनिशी वृत्तपत्रात फोडली. गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते ठरली. टिळकांनी प्रायश्चित्त घेतले, पुढे रानड्यांनीही घेतले. एक पेला चहा, आणि त्याचा हिशेब साऱ्या शहरापुढे!

१३/ योगायोग पाहा. त्याच वर्षी, डिसेंबर १८९० मध्ये, अमेरिकेतील बोस्टनच्या दोन वकिलांनी, सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी, 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. झटपट छायाचित्रे काढणारे कॅमेरे आणि लोकांच्या घरात डोकावणारी वृत्तपत्रे ही त्यांची तक्रार होती.

१४/ बोस्टनमध्ये मागणी अशी, की माणसाला त्याच्या मनाप्रमाणे एकटे राहू द्या. पुण्यात त्याच वेळी वाद असा, की चहा प्यायला तर प्रायश्चित्त कोणते. दोन्हीकडे गोष्ट चव्हाट्यावर आणणारे साधन मात्र एकच होते: छापखाना. जातीच्या कुजबुजीला आता छापील अंक मिळाला होता.

१५/ तरी नव्या काळाने एक नवी खासगी जागाही दिली. ती म्हणजे पत्र. १८५४ पासून हिंदुस्थानभर अंतर कितीही असो, हलक्या वजनाच्या पत्राला अर्धा आणा, असा दर झाला. पूर्वी पत्र जासूद नेई आणि ते बहुधा दरबारचे किंवा सावकाराचे असे. आता मुंबईच्या गिरणीतला माणूस कोकणात पत्र धाडू लागला.

१६/ पण पाकीट बंद असले तरी वाचणारा कोण? गावात अक्षरओळख असलेले मोजकेच. पत्र पोस्टमन किंवा मास्तर वाचून दाखवी आणि भोवती आळी जमे. १ जुलै १८७९ पासून एका पैशाचे पोस्टकार्ड आले, ते तर उघडेच. मयताची वार्ता आणणारे पत्र वाचून लगेच फाडून टाकायची रीत होती, कारण ते घरात ठेवणे अशुभ मानले जाई.

१७/ म्हणून वाचता येणे ही खासगीपणाची पहिली किल्ली ठरली. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आपल्या शिक्षणाची कथा सांगितली आहे. पती शिकवत होते आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोचून बोलत होत्या. शिकणाऱ्या सुनेच्या हातात पुस्तक आले, की घराला तिच्या मनात काय चालले आहे ते कळेनासे होई.

१८/ आता रखमाबाईकडे येऊ. जन्म १८६४, मुंबई. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार जातीत पुनर्विवाहाला मुभा होती. वयाच्या ११ व्या वर्षी रखमाबाईचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. ती माहेरीच राहिली, वाचत राहिली, वाढत राहिली.

१९/ १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: माझी बायको माझ्या घरी पाठवा. रखमाबाईच्या बाजूने दादाजींची प्रकृती, त्यांची परिस्थिती ही कारणे पुढे आली. पण मुळाशी वेगळेच म्हणणे होते. ज्या लग्नाला मी संमती देण्याच्या वयाचीच नव्हते, त्या लग्नाने माझ्या शरीरावर कोणाचा हक्क कसा येतो?

२०/ १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. लहानपणी लग्न झालेली आणि एकदाही नांदायला न गेलेली स्त्री तिच्या इच्छेविरुद्ध बळजबरीने पाठवणे त्यांना रानटीपणाचे वाटले. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवर 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने पत्रे आली होती. ती लिहिणारी रखमाबाईच होती.

२१/ हे टोपणनाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या स्त्रीचे घर, लग्न आणि शरीर सगळ्या शहराच्या चर्चेचा विषय झाले होते, तिला आपले मत मांडण्यासाठी मात्र नाव झाकावे लागले. जे तिचे असायला हवे होते ते उघडे पडले आणि जे मोकळेपणाने बोलायचे ते बुरख्याआडून बोलावे लागले.

२२/ निकालावर वादळ उठले. टिळकांनी 'केसरी' आणि 'मराठा'तून जोरदार विरोध केला. परक्या सरकारच्या कोर्टाने हिंदू घरात हात घालू नये, अशी त्या बाजूची भूमिका होती. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईच्या पाठीशी उभे राहिले. अपील झाले आणि खटला फेरसुनावणीला परत आला.

२३/ इथे एक मोठी विसंगती आहे. बायकोला नांदायला पाठवा असा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. तो इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता. आणि असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्ये रद्द केली, म्हणजे दादाजींनी इथे दावा लावला त्याच वर्षी!

२४/ परंपरेच्या नावाने ज्याचे समर्थन चालले होते, ते हत्यार मुळात विलायती होते आणि विलायतेत बोथट झाले होते. तरी मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तो आदेश दिला, ज्याने या थ्रेडची सुरुवात झाली. नांदायला जा किंवा तुरुंगात जा.

२५/ तुरुंगाची वेळ आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना २००० रुपये मिळाले आणि त्यांनी आदेशाची अंमलबजावणी सोडली. पुढच्या वर्षी रखमाबाई वैद्यकशास्त्र शिकायला लंडनला गेली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला तिने अनेक वर्षे रुग्णसेवा केली. १९५५ मध्ये तिचे निधन झाले.

२६/ म्हणजे तिचे स्वातंत्र्य कोर्टाने मान्य केले नाही, ते विकत घ्यावे लागले. ज्या घरी पैसे उभे राहण्यासारखी परिस्थिती नव्हती, पाठीशी शिकलेली माणसे नव्हती, त्या घरच्या मुलीचे काय? तिचे नाव आपल्याला माहीत नाही, कारण ती कोर्टाच्या कागदांपर्यंत पोहोचलीच नाही.

२७/ मग संमतिवयाचा वाद पेटला. कलकत्त्यात फुलमणी दासी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधाने मृत्यू पावली. मार्च १८९१ मध्ये संमतीचे वय १० वरून १२ वर नेणारा कायदा झाला. पुन्हा तोच आक्षेप निघाला: शयनगृहात सरकारचे काय काम? सुधारकांचा प्रश्न सोपा होता: त्या शयनगृहात त्या मुलीचे कोण?

२८/ पण विरोधकांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. सहाच वर्षांत सरकार खरोखर घरात शिरले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर रँड यांच्या हाती प्लेगचा कारभार आला. घरझडत्यांसाठी गोरे सोजीर नेमले गेले.

२९/ सोजीर ओसरीवर थांबले नाहीत. ते माजघरात गेले, देवघरात गेले. संशयितांना इस्पितळात, घरच्यांना छावणीत हलवले, सामान जाळले. बायकांच्या तपासणीवरून सर्वाधिक संताप उसळला. साथ रोखायला उपाय हवेत हे टिळकांनाही मान्य होते, रोष होता तो पद्धतीवर. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

३०/ या इतिहासातली अवघड जागा हीच आहे. सोजिराला अडवणारी भिंत आणि रखमाबाईला कोंडणारी भिंत एकच होती. 'घर आमचे आहे, आत येऊ नका' हे वाक्य १८९७ मध्ये जुलमाविरुद्ध ढाल होते. तेच वाक्य १८८७ आणि १८९१ मध्ये मुलींविरुद्ध वापरले गेले. बोलणारा 'आम्ही' कोण, यावर अर्थ ठरत होता.

३१/ प्लेगनंतर मुंबईची घरे बदलली. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ बीडीडी चाळी बांधल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, बाहेर सामायिक संडास, सामायिक नळ. वाड्यात निदान माजघर होते. चाळीत एक पडदा आणि एक माळा.

३२/ चाळीत कोणाकडे पाहुणे आले, कोणाचे भांडण झाले, कोणाच्या मुलाचा निकाल लागला, हे सगळे मजल्याला कळे. आजारपणात हीच माणसे रात्रभर बसत आणि हीच माणसे मुलीच्या येण्या-जाण्याच्या वेळाही मोजत. चाळीची आठवण काढताना आपण पहिली गोष्ट सांगतो. दुसरी सांगायला सहसा बायका लागतात.

३३/ अशा दाटीत माणूस मनातले प्रश्न कोणाला विचारणार? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि ते १९५३ पर्यंत, अखेरपर्यंत चालवले. संततिनियमन आणि लैंगिक शंका यांवर वाचक पत्रे लिहीत, कर्वे छापील उत्तरे देत. घरात जे बोलता येत नव्हते, ते अनोळखी संपादकाला लिहिता येत होते.

३४/ या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांचे वकील होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. पण वाचकाला आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारण्याचा आणि शास्त्रीय उत्तर मिळवण्याचा अधिकार आहे, ही बाजू मुंबईच्या कोर्टात मांडली गेली.

३५/ याच बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये लोकांचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण सुचवले होते. संविधानात अशी स्वतंत्र तरतूद मात्र आली नाही. १९५४ मध्ये आठ न्यायाधीशांच्या पीठाने झडतीच्या प्रकरणात असा हक्क मान्य करण्यास नकार दिला.

३६/ १९६२ चे खडक सिंग प्रकरण पाहा. दरोड्याच्या आरोपातून सुटलेला हा उत्तर प्रदेशातला माणूस. पोलीस रात्री येऊन दार ठोठावत, झोपेतून उठवत. सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले.

३७/ १९८३ मध्ये रखमाबाईचा प्रश्न जवळपास शंभर वर्षांनी परत आला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तोच 'नांदायला पाठवा' दावा शिल्लक होता. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी तो स्त्रीच्या खासगीपणावर आणि देहावर आक्रमण करतो म्हणून घटनाबाह्य ठरवला.

३८/ हा निकाल फार टिकला नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ९ वैध ठरवले. ज्या देशातून हा दावा आपल्याकडे आला, त्या इंग्लंडने तो १९७० मध्येच रद्द केला होता. उसनी आणलेली वस्तू मूळ मालकाने टाकून दिली, आपण मात्र जपून ठेवली.

३९/ शेवटी २४ ऑगस्ट २०१७. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या आधारविषयक याचिकेतून निघालेल्या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. १९५४ आणि १९६२ च्या निकालांतील विरुद्ध मते मोडीत निघाली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला तो निकालही चुकीचा ठरवला, ज्यात त्यांचे वडील बहुमतात होते.

४०/ त्याच निकालपत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी बातम्यांत मागे पडली. 'घरची खासगी बाब' हे कारण स्त्रियांवरचा अत्याचार झाकण्यासाठी वापरले जाते, ही स्त्रीवादी टीका त्यात विचारात घेतली आहे. खासगीपणा घराचा नसून माणसाचा आहे, हे रखमाबाईचे म्हणणे १३० वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

४१/ आता प्रवास एका ओळीत मांडता येईल. आधी खासगी होते राजाचे, मग घराण्याचे आणि जातीचे, मग घरातल्या कर्त्या पुरुषाचे, आणि फार उशिरा एकेका माणसाचे. प्रत्येक टप्प्यावर ते मागणाऱ्याला आधीच्या मालकाने 'आमच्या घरात नाक खुपसू नका' असेच सुनावले.

४२/ आज आपल्या खिशात फोन आहे. त्याला कुलूप आहे, पण आपण कुठे गेलो, काय पाहिले, काय विकत घेतले, हे अनोळखी कंपन्यांना ठाऊक असते. आणि पुष्कळ घरांत मुलीच्या फोनचा पासवर्ड भावाला माहीत असावा लागतो, भावाचा मात्र कोणी विचारत नाही. पहिली गोष्ट नवी आहे. दुसरी वाड्याइतकीच जुनी.

४३/ म्हणून पुढच्या वेळी कोणी 'ही आमची खासगी बाब आहे' असे म्हणाले, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढेच विचारावे: 'आमची' म्हणजे नेमकी कोणाची? त्या 'आम्ही'त घरातली सर्वांत लहान, सर्वांत दुबळी व्यक्ती आहे का?

४४/ आपल्या आजीच्या किंवा पणजीच्या घरात तिची स्वतःची अशी जागा कोणती होती? एखादी पेटी, कोनाडा, परसातली पायरी, एखादी वही? घरी विचारून पाहा आणि जे सांगण्यासारखे असेल ते खाली लिहा. जे सांगण्यासारखे नसेल ते तिचेच राहू द्या.

थ्रेड समाप्त.